आसईला कोणी जात नाही

मराठी मध्यमवर्गाच्या कौटुंबिक सहलीचा नकाशा आणि त्याच्या इतिहासप्रेमाचा नकाशा हे दोन्ही एकच आहेत. रायगड, प्रतापगड, सिंहगड, शनिवारवाडा. फार तर एखादे वर्ष सिंदखेडराजा. गाडी काढायची, मुलांना गडाच्या पायऱ्या चढवायच्या, दरवाजापाशी छायाचित्र घ्यायचे, परतीच्या वाटेवर पिठले-भाकरी खायची आणि मुलांच्या मनावर इतिहासाचा संस्कार झाला असे समजून कृतार्थ व्हायचे. आम्ही हे सारे केले आहे. त्यामुळे ही टीका दुसऱ्या कोणावर करण्याआधी स्वतःवरच करणे भाग आहे. आम्ही दोघे, पती-पत्नी, जालना जिल्ह्यातील महाविद्यालयांत मराठी शिकवतो. दोघांची मिळून पस्तीस वर्षे नोकरी झाली. या पस्तीस वर्षांत रायगडावर चार वेळा गेलो आणि आसईला एकदाही नाही. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत गेलो तेही ठरवून नव्हे.

बेत अजिंठ्याचा होता. गाडीत आम्ही दोघे, आठवीतली मुलगी आणि ऐंशी ओलांडलेले आबा. जालन्याहून निघून राजूरच्या गणपतीला नमस्कार करून भोकरदनला चहासाठी थांबलो. मक्याची कणसे रस्त्याच्या कडेला वाळत पडली होती, शेतात कापसाची वेचणी चालू होती. चहा पिता पिता आबा म्हणाले, “आजिंठा कुठं पळून चाललाय? आमचं आजोळ हितंच, केळनेच्या काठाला. आसईकडून जाऊ. लहानपणी मामा सांगायचे, नांगराला लोखंडी गोळा लागला की समजायचं, आसईचा.” वडीलधाऱ्या माणसाचा हट्ट म्हणून गाडी वळवली. अजिंठा त्या दिवशी राहिलाच.

भोकरदन सोडण्यापूर्वी एक गोष्ट सांगितली पाहिजे. हे गाव म्हणजे प्राचीन भोगवर्धन. भारहूत आणि सांची येथील स्तूपांवरच्या दानलेखांत या नगराचे नाव आहे. येथली माणसे दोन हजार वर्षांपूर्वी इतक्या दूर जाऊन दान देत होती. १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी येथे उत्खनन केले, तेव्हा सातवाहनकाळातील एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. इटलीतील पाँपेई हे नगर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेथे १९३८ साली सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी भोकरदनच्या मूर्तीचे साम्य इतके आहे की, पाँपेईची मूर्तीही याच भागात घडली असावी, असा तर्क अभ्यासकांनी मांडला. ज्या गावाला आपण मिरचीच्या बाजारापुरते ओळखतो त्या गावाचा माल रोमन साम्राज्यात जात असावा. आमच्या मुलीला हे ठाऊक नव्हते. तिला आम्ही सांगितले नव्हते. तिच्या आईवडिलांनी हे कधीतरी वाचले होते आणि परीक्षेच्या उत्तरासारखे विसरून टाकले होते.

त्याच केळनेच्या काठाने पुढे आसई. केळना आणि जुई या दोन नद्या जवळ येत जातात आणि त्यांच्या मधली जमीन जिभेसारखी निमुळती होत जाते. २३ सप्टेंबर १८०३ रोजी या जमिनीवर दौलतराव शिंदे आणि नागपूरकर दुसरे रघूजी भोसले यांच्या फौजा उभ्या होत्या. त्यांची रांग भोकरदनच्या बाजूपासून आसईपर्यंत नदीकाठाने पसरली होती. कवायती पायदळ दहा हजारांच्या वर, तोफा शंभराच्या आसपास, शिवाय अफाट घोडदळ. समोर आर्थर वेलस्ली, ज्याला पुढे जग ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून ओळखू लागले. त्याच्यापाशी कवायती सैन्य साडेचार हजारांच्या घरात, बाकी म्हैसूरचे आणि पेशव्यांचे स्वार.

समोरून नदी ओलांडणे अशक्य होते. बाजूला उतार नाही, असे वाटाड्यांनी सांगितले. वेलस्लीने नदीच्या दोन काठांवर समोरासमोर वसलेली दोन गावे पाहिली. इंग्रजी कागदांत ती पिपळगाव आणि वरूर अशी येतात. इतकी जवळ समोरासमोर वसलेली गावे एकमेकांकडे ये-जा केल्याशिवाय राहणार नाहीत, तेव्हा तेथे उतार असलाच पाहिजे, असे त्याने ताडले. उतार होता. तेथून त्याची फौज पलीकडे गेली आणि संध्याकाळपर्यंत शिंद्यांच्या ९८ तोफा त्याच्या हाती पडल्या. त्याचे स्वतःचे दीड हजारांहून अधिक लोक ठार, जखमी वा बेपत्ता झाले. मराठ्यांची हानी याच्या कितीतरी पट. लढण्याच्या कामात आपल्या हातून झालेली सर्वोत्तम गोष्ट कोणती, या प्रश्नाला म्हातारपणी त्याने दिलेले उत्तर वॉटर्लू नव्हते, आसई होते, असे त्याच्या परिचितांनी नोंदवून ठेवले आहे.

हा प्रसंग आम्ही काठावर उभे राहून मुलीला सांगितला. ती आधी नदीकडे पाहत राहिली. पाणी गुडघ्याएवढेही नव्हते. युद्धाची आठवण सांगणारी पाटी आम्हांला कोठे दिसली नाही. मग तिने आबांना विचारले, “आबा, कोण जिंकलं?”

“इंग्रज. आपण हरलो, माय.”

“आपण म्हणजे कोण?”

आबांनी आमच्याकडे पाहिले. मराठीच्या दोन प्राध्यापकांना सर्वनामाचा प्रश्न पडला होता.

मराठी व्याकरण शिकवताना ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला भेद आम्ही वर्गात दरवर्षी सांगतो. ‘आम्ही’मध्ये ऐकणारा नसतो, ‘आपण’मध्ये तो असतो. इंग्रजीत हा भेद नाही, हिंदीत तो असा नाही, ही आपल्या भाषेची श्रीमंती आहे, वगैरे. पण १८०३ च्या आसईच्या रणात ‘आपण’ कोण, हे सांगणे सोपे नाही. शिंद्यांच्या कवायती पायदळाचा सेनापती अँथनी पोलमन हा हॅनोव्हरचा जर्मन. त्या पायदळातली एक तुकडी सरधन्याच्या बेगम समरूची. वेलस्लीच्या बाजूला स्कॉटलंडचे हायलँडर, पण त्यांच्या खांद्याला खांदा लावून मद्रासचे शिपाई, म्हैसूरचे स्वार आणि खुद्द पेशव्यांचे स्वार. ज्या पेशव्याच्या नावाने शिंदे आणि भोसले सरदार म्हणवत होते त्याचेच घोडेस्वार इंग्रजांच्या छावणीत होते. कारण ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह करून दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांची तैनाती फौज पत्करली होती. त्याच्या दोन महिने आधी, २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, हडपसरला यशवंतराव होळकराने पेशवे आणि शिंदे यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला होता. आसईच्या वेळी होळकर दूर राहिला. लढाई रंगात येण्याआधी भोसल्यांनी रण सोडले आणि पाठोपाठ शिंद्यांनीही. मागे उरले ते पायदळ आणि गोलंदाज. या गोलंदाजांनी जागा सोडली नाही. इंग्रजी रांग त्यांच्यावरून पुढे निघून गेल्यावर, मेल्याचे सोंग घेऊन तोफांखाली पडलेले गोलंदाज उठले आणि त्यांनी त्याच तोफा फिरवून इंग्रजांच्या पाठीवर डागल्या. हे आम्हांला इंग्रजांनी लिहून ठेवले म्हणून कळते. त्या गोलंदाजांपैकी एकाचेही नाव आम्हांला माहीत नाही.

तेव्हा मुलीला खरे उत्तर द्यायचे तर असे द्यावे लागले असते, की बाळ, त्या दिवशी या रणात ‘आपण’ नव्हतेच. अनेक ‘आम्ही’ होते.

आता कोणी म्हणेल, दोनशे वर्षांपूर्वीची एक लढाई हरलो. त्याचे एवढे काय? तर त्याचे काय झाले ते आबांकडे पाहावे. आसईनंतर तीन महिन्यांनी, ३० डिसेंबर १८०३ रोजी, सुर्जी-अंजनगावचा तह झाला. त्यात शिंद्यांनी अजिंठ्याच्या डोंगरापासून गोदावरीपर्यंतचा आपला मुलूख सोडून दिला. या कलमात जालनापूरचा किल्ला आणि परगणा नाव घेऊन लिहिलेला आहे. पुढल्याच वर्षी इंग्रजांनी हा मुलूख त्यांच्या दोस्ताला, म्हणजे निजामाला, वाटणीत दिला. भोसल्यांशी १७ डिसेंबरला झालेल्या देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाडही असाच निजामाकडे गेला. १८५३ साली इंग्रजांनी वऱ्हाड निजामाकडून आपल्या कारभाराखाली घेतला. जालना मात्र निजामाकडे राहिले. अशा रीतीने देऊळगावराजा एका राज्यात आणि जालना दुसऱ्या राज्यात, अशी सीमा तयार झाली. मध्ये ना डोंगर ना मोठी नदी. दोन्हीकडे ज्वारी, दोन्हीकडे एकच बोली, सोयरीक दोन्हीकडची.

१५ ऑगस्ट १९४७ ला ही सीमा खरी झाली. सीमेपलीकडे स्वातंत्र्य आले, अलीकडे आले नाही. पुढचे तेरा महिने मराठवाड्याने जे सोसले ते येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या आठवणी आणि अनंत भालेराव यांचे ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ हे पुस्तक ग्रंथालयाच्या कपाटात असते. रझाकारांच्या भीतीने अनेक कुटुंबे घर सोडून वऱ्हाडात गेली, त्यांतले एक आबांचे. आबा तेव्हा पाच वर्षांचे. बैलगाडीत कडब्याखाली झोपवून रात्री सीमा ओलांडली, एवढेच त्यांना आठवते. आणि पलीकडच्या गावात एका अनोळखी घरातल्या बाईने त्यांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला, हे आठवते. तिने विचारले नाही की तुम्ही कोणाचे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. आबांचे स्वातंत्र्य तेरा महिने उशिरा आले. त्या उशिराच्या मागे इतर कारणे आहेतच. पण जालना मुळात त्या निजामाकडे का होते, या प्रश्नाचे उत्तर केळनेच्या त्या गुडघाभर पाण्यात आहे. इतिहासात ‘जर’ला स्थान नाही, हे आम्ही जाणतो. ‘कसे’ आणि ‘म्हणून’ यांना तरी आहे की नाही?

हे ‘म्हणून’ आबांनाही ठाऊक नव्हते. आसईचा गोळा त्यांना ठाऊक होता, रझाकारांची रात्र ठाऊक होती. या दोन गोष्टींमधला धागा कोणी त्यांच्या हाती दिला नव्हता. हा धागा देण्याचे काम कोणाचे? इतिहासाच्या प्राध्यापकांचे, असे म्हणून मराठीचे प्राध्यापक मोकळे होतात. आमचा वाद येथेच आहे.

समाजाची स्मृती कागदपत्रांनी घडत नाही. ती वाङ्मयाने घडते. पानिपताचेच पाहा. १४ जानेवारी १७६१ चा तो पराभव आसईहून कितीतरी पट भयंकर होता, आणि तरीही मराठी माणूस त्याला विसरलेला नाही. ‘पानिपत झाले’ हा वाक्प्रचार शेतकऱ्यापासून क्रिकेटच्या समालोचकापर्यंत सर्वांच्या तोंडी आहे. ‘संक्रांत कोसळणे’ आहे, ‘विश्वास पानिपतात गेला’ आहे. त्यावर बखर आहे, पोवाडे आहेत, त्र्यं. शं. शेजवलकरांचा ग्रंथ आहे, विश्वास पाटलांची १९८८ ची कादंबरी आहे. भाषेने तो पराभव पचवला. आसईने मराठीला एक वाक्प्रचारही दिलेला नाही. तिच्यावरचा पोवाडा आमच्या ऐकण्यात नाही, आणि आसईचे रण केंद्रस्थानी असलेली मराठी कादंबरी आमच्या वाचनात नाही. ना. सं. इनामदारांनी ‘झुंज’मध्ये यशवंतराव होळकराला आणि ‘मंत्रावेगळा’त दुसऱ्या बाजीरावाला न्याय देण्याचा प्रयत्न केला, त्या पडत्या काळाकडे पाहण्याचे धैर्य दाखवणारा हा लेखक म्हणूनच आम्हांला मोठा वाटतो. पण आसईचा तो गोलंदाज त्यांच्याही वाट्याला आला नाही.

इंग्रजांचे मात्र तसे नाही. बर्नार्ड कॉर्नवेल या इंग्रज लेखकाची ‘शार्प्स ट्रायम्फ’ ही १९९८ ची कादंबरी आसईच्या लढाईवरच उभी आहे. लाखो इंग्रजी वाचकांना केळना आणि जुई यांच्या मधली ती जमीन ठाऊक आहे. त्या जमिनीपासून तासाभराच्या अंतरावर मराठीत एम. ए. करणाऱ्या आमच्या विद्यार्थ्याला ती ठाऊक नाही. आम्ही सुट्टीनंतर वर्गात विचारले. वर्गातल्या एकाच विद्यार्थ्याने हात वर केला. तो आसईच्या शेजारच्या गावचा होता, आणि त्यालाही ‘मोठी लढाई झाली होती’ यापलीकडे काही सांगता आले नाही. विजेत्यांनी आपला विजय लिहावा यात नवल नाही. आम्ही आपला पराभव लिहिण्याचे काम त्यांच्यावर सोपवले, हे मात्र नवलाचे आहे.

असे का झाले? आमचे उत्तर असे : मराठी ऐतिहासिक कादंबरी जन्मापासून एका भूगोलात वाढली. १८७१ चे गुंजीकरांचे ‘मोचनगड’, हरिभाऊंचे ‘उषःकाल’, पुढे रणजित देसाईंचे ‘स्वामी’ आणि ‘श्रीमान योगी’. हा सगळा सह्याद्रीच्या सावलीतला आणि पुणे-साताऱ्याच्या परिसरातला इतिहास. तो थोर आहे, याविषयी वाद नाही. पण या वाङ्मयाने वाचकाला एक सवय लावली. इतिहास म्हणजे गड, इतिहास म्हणजे नायक, इतिहास म्हणजे अभिमान. पानिपत या साच्यात बसते. शत्रू परका आहे, नायक देखणे आहेत, मरण उदात्त आहे. वाचकाला रडता येते आणि रडून झाल्यावर मान ताठ ठेवता येते. आसई या साच्यात बसत नाही. तेथे पेशव्याचे स्वार शत्रूच्या बाजूला आहेत, होळकर गैरहजर आहे, राजे रण सोडून गेले आहेत, आणि जे मेले त्यांची नावे नाहीत. आसईवर रडता येत नाही, तिच्यावर विचारच करावा लागतो. आमच्या कादंबरीला, आणि ती शिकवणाऱ्या आम्हां प्राध्यापकांना, या श्रमाची सवय नाही.

यावर आक्षेप येतील. काही आमच्या शिक्षककक्षात येऊनही गेले. पहिला असा की, कोवळ्या मुलांना पराभव कशाला दाखवायचे. त्यांच्या मनात आधी देशाविषयी अभिमान तर रुजू द्या. आमचा अनुभव उलटा आहे. रायगडावर आमची मुलगी चार वेळा आली आणि चारही वेळा तिने किती पायऱ्या राहिल्या एवढेच विचारले. आसईला तिने ‘आपण म्हणजे कोण’ असे विचारले. राष्ट्राच्या इतिहासाविषयी याहून मूलभूत प्रश्न आम्हांला तरी माहीत नाही. जो देश अनेक ‘आम्हीं’मधून एक ‘आपण’ घडवू शकला, त्या देशाविषयीचा आदर हा ‘आपण’ आधीपासूनच होता असे खोटे सांगून निर्माण करता येत नाही. १८०३ मध्ये तो नव्हता हे कळले, तरच १९४८ मध्ये आबांच्या हातावर ठेवलेल्या गुळाच्या खड्याचे मोल कळते.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा होता. मुक्तिसंग्रामाचे नाव काढले की जुन्या जखमा उघड्या होतात, हिंदू-मुसलमान तेढ वाढते. त्यापेक्षा न बोललेले बरे. आम्हांला हे मान्य नाही. न बोलल्याने जखम भरत नाही, ती दुसऱ्याच्या हातात जाते आणि तो तिला हवी तशी वापरतो. पूर्ण बोलले पाहिजे, एवढेच. भारतात विलीन व्हावे अशी भूमिका घेतल्याबद्दल ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी ज्यांची हत्या केली ते ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान मुसलमान होते, हे सांगितले पाहिजे. आणि निजामाच्या शरणागतीनंतर मराठवाड्यातल्या निरपराध मुसलमानांवर जे अत्याचार झाले, ज्यांची नोंद सुंदरलाल समितीने केली आणि जिचा अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही, तेही सांगितले पाहिजे. ‘आपण’ या शब्दात कोणाला घेतले आणि कोणाला बाहेर ठेवले, याचा हिशेब द्यायचा तर पूर्ण द्यावा. नरहर कुरुंदकरांसारखा मराठीचा प्राध्यापक याच मराठवाड्यात, नांदेडला, हे सारे भरसभेत बोलत होता. त्यांची ‘श्रीमान योगी’ची प्रस्तावना आम्ही अभ्यासाला लावतो आणि त्यांचे धैर्य अभ्यासक्रमाबाहेर ठेवतो.

तिसरा आक्षेप असा की, हा झाला स्थानिक इतिहास. राष्ट्रीय इतिहास वेगळा असतो. हा आक्षेप ऐकला की आम्हांला हसू येते आणि मग वाईट वाटते. हस्तिदंती मूर्तीसाठी पाँपेई, लढाईसाठी वॉटर्लूचा विजेता, तहासाठी कलकत्त्याचा गव्हर्नर जनरल, मुक्तीसाठी दिल्लीचा निर्णय. एका केळनेच्या काठावर हे सगळे आले, आणि तरी ते स्थानिक. मग राष्ट्रीय म्हणजे नेमके काय? जे पुण्याच्या वा दिल्लीच्या जवळ घडते ते? मराठवाड्याच्या माणसाने स्वतःच्या जमिनीला दुय्यम समजण्याची ही सवय निजामाने लावली की आमच्या पाठ्यपुस्तकांनी, हे एकदा तपासले पाहिजे.

११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी समृद्धी महामार्ग सुरू झाला. जालना जिल्हा आता मोटारीतून अर्ध्या-पाऊण तासात मागे पडतो. सोय झाली, तक्रार नाही. पण या वेगात जिल्हा ‘लागतो’ आणि ‘संपतो’, दिसत नाही; आणि आमचा अभ्यासक्रमही असाच एक महामार्ग झाला आहे. ज्ञानेश्वरीवर चढायचे, आधुनिक कवितेला उतरायचे; मधली गावे लागत नाहीत. जांब समर्थ हे रामदासांचे जन्मगाव याच जिल्ह्यात आहे. ‘दासबोध’ शिकवताना विद्यार्थ्यांना तेथे नेणारे किती? आम्ही नेले नाही. जे आम्ही केले नाही ते इतरांनीही केले नसावे, असे गृहीत धरण्याचा उद्धटपणा करत नाही. केले असेल तर त्यांनी लिहावे.

आमचे मागणे मोठे नाही. १७ सप्टेंबरला आम्ही महाविद्यालयात ध्वजवंदन करतो, भाषण होते, विद्यार्थी घरी जातात. सहाच दिवसांनी २३ सप्टेंबर येतो आणि कोणाच्या लक्षात न येता जातो. या सहा दिवसांत मराठीच्या विभागांनी विद्यार्थ्यांना केळनेच्या काठावर न्यावे. वसईपासून सुर्जी-अंजनगावपर्यंतचे तह वर्गात भाषेचे पाठ म्हणून वाचावेत; मुलूख कसा शब्दांनी दिला-घेतला जातो हे साहित्याच्या विद्यार्थ्याइतके दुसऱ्या कोणाला कळणार? ज्यांनी १९४८ पाहिले अशी माणसे आता थोडी उरली आहेत. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावातल्या एकाकडून तरी ऐकून लिहून आणावे, तेही त्याच्याच बोलीत, प्रमाण भाषेत न घासता. त्यांतून कादंबरी होईल की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही. निदान पुढच्या कादंबरीकाराला जमीन तरी मिळेल.

वेलस्ली हा आमचा शत्रू होता. पण त्या दिवशी त्याने एक गोष्ट केली जी आम्ही पस्तीस वर्षांत केली नाही. त्याने दोन गावे नीट पाहिली आणि त्यांचा एकमेकांशी काय संबंध असेल, असा प्रश्न स्वतःला विचारला. वाचन म्हणजे दुसरे काय असते? आमच्याच गावांचा अर्थ त्याला लागला आणि आम्हांला लागला नाही, ही आसईची खरी हार आहे, आणि ती १८०३ ची नाही.

परतताना आबा गाडीत झोपले. मुलीने वहीत केळना आणि जुई यांचा नकाशा काढला, दोन काठांवर दोन गावे दाखवली आणि गोलंदाजांच्या जागी छोटे छोटे ठिपके दिले. ठिपक्यांखाली नावांसाठी रेघा मारून ठेवल्या. आम्ही विचारले, ही नावे कोठून आणणार? ती म्हणाली, “तुम्ही शोधा ना. तुम्ही मराठीचे आहात.”